मंगळवारचा खेळ

"बाबा, लोकांना पाठवायच्या आधी तू स्वतः ऐकतोस तरी का?"

भिंगरीने प्रश्न टाकला आणि हाताची घडी घालून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. प्रश्न तिचा नव्हताच. चष्मिस आणि लंबूने तासाभरापूर्वी शाळेच्या जिन्यात तो तिच्या गळ्यात मारला होता. "अस्सं घरी जायचं आणि अस्साच्या अस्सा विचारायचा. हसायचं नाही, 'गंमत केली' म्हणायचं नाही. नाही विचारलास तर आठवडाभर आमची दोघींची दप्तरं तुझ्या पाठीवर."

सहा महिन्यांपूर्वीची भिंगरी असती तर तिने निमूट दप्तरं वाहिली असती. तेव्हा ती हजेरीला 'हजर' सुद्धा घशातल्या घशात म्हणायची आणि महिन्यातून दोनदा गैरहजर लागायची. पण आताची भिंगरी निराळी होती. कालच तिने 'यंत्रं माणसाला आळशी करतात' या विषयावर तीनशे पोरांसमोर सात मिनिटं भाषण ठोकून पहिला नंबर आणला होता. काल संध्याकाळपासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. असला चिल्लर प्रश्न विचारायला ती घाबरते होय!

बाबाची बोटं कळफलकावर थांबली.

"ऐकतो म्हणजे? अगं, तेच तर माझं काम," तो म्हणाला आणि हसला. पण हसू जरा उशिरा आलं. आधी त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग ते आलं.

बाबाची खोली म्हणजे मुळात घरातली अडगळीची खोली. भिंतींना राखाडी स्पंज चिकटवलेला, टेबलावर दोन काळे स्पीकर, मधे पडदा, आणि खुर्चीच्या पाठीला टांगलेले जाडजूड हेडफोन. इथे बसून बाबा गेली अकरा वर्षं 'निवळ' विकत होता. निवळ हे सॉफ्टवेअर. माणूस माइकजवळ गातो तेव्हा स, श, च ही अक्षरं सुईसारखी टोचतात. ती टोचणी तेवढी काढायची आणि बाकी आवाजाला धक्का लावायचा नाही, एवढंच निवळ करायचं. हे ऐकून पाहुणे म्हणायचे, "बरं. आणि?" तर आणि काही नाही. एवढंच. जगात हे हवं असणारी माणसं मोजकी. बंद खोलीत बसून एकच ओळ चाळीसदा ऐकणारे, चहा गार करून पिणारे, मुलखाचे खडूस संगीत निर्माते. असल्या चार हजार तीनशे खडुसांचे पत्ते बाबाकडे होते. दर गुरुवारी तो त्यांना पत्र लिहायचा. 'नमस्कार कानवाल्यांनो' अशी सुरुवात, खाली 'कान तुमचे, कष्ट आमचे' अशी सही, आणि मधे गाण्याचे दोन तुकडे. एकाचं नाव 'आधी', दुसऱ्याचं 'नंतर'. कोणाची गायिका बोबडी, कोणाच्या स्टुडिओवर रेल्वेचा पूल, कोणाला परवा मुलगी झाली, सगळं त्याला पाठ. जाहिरात पाठवतोय असं कोणाला वाटायचंच नाही. मित्राचं पत्र वाटायचं.

"मग ती शिट्टी?" भिंगरीने विचारलं.

"कसली शिट्टी?"

"'नंतर'मध्ये. मागे सारखी वाजतेय. बारीक, डासासारखी. आजचं पत्र मी कौतुकाने दोघींना फोनवर ऐकवायला गेले, तर लंबू म्हणते, तुझ्या बाबांनी डासासकट रेकॉर्ड केलंय. चष्मिस तर कान धरूनच बसली."

बाबाने खुर्ची पूर्ण तिच्याकडे वळवली.

"पण मंगळवारी तूच ऐकलंस ना? म्हणालीस, दुसरं भारी आहे."

भिंगरीने घातलेली हाताची घडी सुटली.

मंगळवारचा खेळ हा त्या दोघांचा खेळ होता. शाळेतून आली की बाबा तिच्या डोक्यावर हेडफोन चढवायचा, दोन तुकडे ऐकवायचा आणि विचारायचा, "बोल, कोणतं भारी? कुठे खटकतंय? कुठपर्यंत फिरवू?" ती कपाळाला आठ्या पाडून मोठ्या जाणकाराच्या थाटात निकाल द्यायची, आणि बाबा पडद्यावरचं गोल बटण तिच्या सांगण्यानुसार पुढेमागे करायचा. या मंगळवारी मात्र तिचं भाषण होतं दुसऱ्या दिवशी. हेडफोन तिने घातले होते, पण ओठांवर भाषण चाललं होतं. 'यंत्रांनी आपले हातपाय काढून घेतले, सन्माननीय परीक्षक...' तिने दोन्हीतला एकही तुकडा ऐकला नव्हता. दुसरं भारी आहे असं ठोकून दिलं होतं, कारण बहुतेक वेळा दुसरंच भारी असायचं.

"म्हणाले होते," ती पुटपुटली.

"काय?"

"म्हणाले होते मी तसं!"

"मग? कुठे आहे शिट्टी, दाखव."

ती पुढे झाली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "इथून. अठराव्या सेकंदापासून."

बाबाने हेडफोन चढवले, डोळे मिटले, मान जराशी वाकडी केली. ही त्याची ऐकायची ढब. घरातल्या जुन्या फोटोत, रेकॉर्डिंगच्या खोलीत विशीतला बाबा अगदी अस्साच बसलेला आहे. तेव्हा तो एका नावाजलेल्या रेकॉर्डिस्टच्या हाताखाली होता. छतावरच्या बारा दिव्यांतला नेमका कोणता गुणगुणतोय ते तो खाली बसून सांगायचा म्हणे.

"आली?" भिंगरीने खुणेने विचारलं.

"हो, हो," बाबा मान डोलवत म्हणाला. "आली. आहे खरी. बारीक आहे, पण आहे."

भिंगरीने पडद्याकडे पाहिलं. आणि तिथेच तिची नजर खिळली. वाजत होतं ते 'आधी'. गडबडीत तिनेच चुकीच्या तुकड्यावर बोट ठेवलं होतं. 'आधी'मध्ये शिट्टी नव्हती. असणं शक्यच नव्हतं, शिट्टी निवळनेच आणलेली.

बाबाने डोळे उघडले. तिच्याकडे पाहून पुन्हा मान डोलवली.

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून अगदी हळू म्हणाला, "पत्र चारला गेलं."

साडेपाच वाजले होते. पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका उमटला. एक निरोप आला. तो वाचेपर्यंत दुसरा.

*

शुक्रवारी सकाळी फ्रिज कोकलत होता.

त्याचं दार नीट लागलं नाही की तो टीं टीं टीं करत राहायचा. बाबा त्याच्याकडे पाठ करून, दोन हातांवर, कपात चमचा फिरवत उभा होता. टीं टीं टीं. भिंगरी जेवणाच्या टेबलाशी बसून बघत होती. आजवर तिला वाटायचं, बाबा आळशी. 'आई लावेल' म्हणून सोडून देतो. भाषणात तिने हा फ्रिज घातलाही होता. मुलं खो खो हसली होती.

बाबा कप घेऊन खोलीत गेला. दार तसंच. आईने येऊन ते ढकललं आणि घर एकदम गप्प झालं.

"आई, बाबाला हे ऐकू येत नाही का गं?"

आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांचे अवघड प्रश्न झेलून तिचा चेहरा सपाट राहायला शिकलेला होता. पण आत्ता तिने हातातलं फडकं दोनदा घडी केलं, दोनदा उलगडलं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मलाच कळलं काल."

आईने खुर्ची ओढली. "दोन वर्षं झाली. मीच नेलं होतं आमच्या दवाखान्यात. उंच आवाज गेलेत त्याचे. पक्षी, शिट्ट्या, फ्रिज. आणि बोलण्यातले स-श. तपासणीचा कागद आहे ना, त्यावरची रेघ घसरगुंडीसारखी आहे. सुरुवातीला बरी, मग धाडकन खाली. आणि ती दर वर्षी आणखी खाली जाणार, म्हणालेत डॉक्टर."

"पण तो तर स-श चंच सॉफ्टवेअर विकतो!"

"हळू बोल." आईने सवयीने खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग तिचं तिलाच कळलं आणि ती ओशाळली. "कानातलं यंत्र घेतलं होतं. चार दिवस घातलं. पाचव्या दिवशी म्हणाला, कानात यंत्र घातलेल्या माणसाकडून कानाचं औषध कोण घेईल? खणात आहे ते. त्याने शपथ घातली मला. कोणाला म्हणून सांगायचं नाही, तुला तर नाहीच."

दोन वर्षं. भिंगरीने मनात हिशोब मांडला. मंगळवारचा खेळ आधी कधीमधी व्हायचा, सुट्टीत वगैरे. दर मंगळवारी, न चुकता, कधीपासून? सातवीपासून. दोन वर्षं.

"म्हणजे तो खेळ नव्हता," ती म्हणाली.

"खेळ कुठला गं. तू होतीस म्हणून चाललं." आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझा कान चांगला, म्हणून सगळं सावरलं गेलं. नाहीतर कधीच..."

खरं तर हीच वेळ होती. 'मंगळवारी मी ऐकलंच नाही' एवढे चार शब्द. तीनशे मुलांसमोर न अडखळणारी भिंगरी त्या चार शब्दांशी अडखळली आणि दप्तर उचलून शाळेत गेली.

शाळेत दोघी वाटच बघत होत्या.

"विचारलंस?" लंबूने विचारलं.

"विचारलं."

"मग? काय म्हणाले काका?"

"म्हणाले, ऐकतो."

"बस, एवढंच?" चष्मिस हिरमुसली. "मला वाटलं, चिडतील तरी."

परत आली तेव्हा बाबाच्या खोलीचं दार उघडं होतं. फोनवर ग्राफकाका बोलत होते. निवळ बनवणारे ते हेच. कंपनी म्हणजे हे दोघंच, एक बनवणारा आणि एक विकणारा. ग्राफकाकांना सूर म्हणजे काय ते कळत नसे. गाणं ते पडद्यावरच्या रेघांत बघत आणि बाकी सगळं बाबावर सोडत. फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता, मोठ्या आवाजात.

"अरे, एकशे दहा तक्रारी आल्यात! मी आलेख काढून बघितला तर तुझं बटण नऊवर! मी काय म्हटलं होतं? सातच्या पुढे कानाने ठरव. ठरवलंस ना?"

"ठरवलं रे. फाईल चढवताना घोळ झाला. चुकीची चढली."

"मग तसं सांग लोकांना. आणि उद्याच्या स्टुडिओतल्या प्रात्यक्षिकाचं बघ बाबा. दाढीवाले येतायत म्हणे. त्यांनी मान हलवली तर निम्मी मंडळी आपल्यामागे येतील. आणि त्यांनी नाक मुरडलं ना, तर दुकान बंद. मी तर रेघा बघणारा माणूस. कान तूच आहेस आपला."

"हो रे. आहे मी."

फोन बंद झाला. बाबा पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर त्या दाढीवाल्यांचं, खडुसांतल्या सगळ्यात नावाजलेल्या निर्मात्याचं, उत्तर होतं. सहा वर्षं बाबा त्यांना पत्रं लिहीत होता आणि सहा वर्षांत त्यांचं हे पहिलंच उत्तर. दोन ओळींचं. 'शनिवारी येतो. गाणं माझं आणतो, समोर लावून दाखवा.'

"भिंगरे," बाबा तिच्याकडे न वळता म्हणाला. ती आलेली त्याला पडद्याच्या काचेत दिसली असावी. "उद्या येशील माझ्याबरोबर?"

"मी कशाला?"

"पहिल्या रांगेत बसायचं. मी बटण फिरवत नेईन हळूहळू. टोचणी गेली, आवाज बरोबर बसला, की तू नाक खाजवायचं. बस. मी थांबेन." आता तो वळला आणि हसला. "आपला मंगळवारचाच खेळ. फक्त शनिवारी."

त्याला माहीत होतं की तिला माहीत आहे. तिला माहीत होतं की त्याला ते माहीत आहे. दोघांपैकी कोणीच ते उघड केलं नाही. भिंगरी म्हणाली, "बरं." आणि ती एवढी पटकन म्हणाली की तिचं तिलाच भय वाटलं.

*

शनिवारी अकराला निघाले. रस्ता उताराचा, दोन्ही बाजूंना बंद दुकानांची शटरं. बाबाने इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता आणि तो एकसारखा बोलत होता. कोणाला आधी भेटायचं, कोणाशी काय बोलायचं, कोणाला पाणी पाठवायचं.

मागून सायकलची घंटा वाजली. भिंगरी आपसूक कडेला झाली. घंटा पुन्हा वाजली, मग जोरजोराने, लागोपाठ. बाबा मधोमध चालत होता, हातवारे करत.

"बाबा!"

तिने त्याची बाही धरून असा हिसका दिला की शिवण टरकली. सायकल वाऱ्यासारखी त्याच्या कोपराला घासून गेली. सायकलवाला मागे वळून ओरडला, "बहिरा आहे का रे?"

बाबा जागच्या जागी उभा होता. त्याने खांद्याजवळची उसवलेली शिवण चाचपली. मग कोट नव्हता म्हणून लॅपटॉपची पिशवी त्या खांद्यावर घेतली, म्हणजे ती दिसणार नाही.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं.

"काही नाही," भिंगरी म्हणाली. "सांभाळून चाला म्हणाला."

तिच्या आयुष्यातलं, बाबाच्या कानाबद्दलचं, ते दुसरं खोटं. पहिलं मंगळवारचं, 'दुसरं भारी आहे'.

स्टुडिओ तळघरात होता. आत पाऊल टाकलं की बाहेरचं जग कोणीतरी कापून टाकल्यासारखं नाहीसं व्हायचं. स्वतःचा श्वास ऐकू यायचा. तीस-चाळीस माणसं होती, सगळी काळ्या कपड्यांत, सगळी दमलेल्या डोळ्यांची. दाढीवाले शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. पांढरी दाढी छातीपर्यंत, पाय पसरलेले. ग्राफकाका कोपऱ्यात रुमालाने मान पुसत होते.

बाबा पुढे उभा राहिला आणि भिंगरी बघतच राहिली. घरातला, उशिरा हसणारा बाबा तो नव्हताच. "कानवाल्यांनो," तो म्हणाला, "गुरुवारी मी तुम्हाला एक डास पाठवला होता. एकशे चौतीस जणांनी तो मारून परत पाठवला. बाकीचे बहुतेक मच्छरदाणीत झोपतात." तळघर हसलं. जे कधी हसत नाहीत म्हणून प्रसिद्ध, ते हसले. भिंगरीची छाती भरून आली.

दाढीवाल्यांचं गाणं लावलं. बाईचा आवाज, एकटा, साथीला काही नाही. पण प्रत्येक स वर जणू कोणी काचेवर खिळा ओढत होतं. चाळीस चेहरे आक्रसले. बाबाचा नाही. मग बाकीच्यांचे बघून त्याचाही आक्रसला.

त्याने बटण धरलं. एक. दोन. तीन. तो पडद्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. या वेळी भिंगरीने जीव कानात आणून ऐकलं. चार. खिळ्याचं टोक बोथट झालं. पाच. साडेपाच. आणि एकदम, धूळ खाली बसावी आणि पाणी नितळ दिसावं तशी ती बाई समोर आली. तिचा श्वास, तिची जीभ, सगळं जागच्या जागी. भिंगरीने नाक खाजवलं.

बाबाचा हात थांबला. डोळे मिटलेले, मान जराशी वाकडी.

"इथे," तो म्हणाला. "इथे ती गाते. याच्या पुढे गेलं की यंत्र गातं."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळं तळघर दणाणलं. ग्राफकाकांनी डोळे टिपले. बाबाने तिच्याकडे पाहून हळूच एक भुवई उचलली. त्या भुवईसाठी भिंगरीने काहीही केलं असतं. नेमकं तेच तिला भिववत होतं.

मंडळी बाबाभोवती गोळा झाली तेव्हा ती पाण्याच्या पिंपाशी गेली. पेला भरत असताना शेजारी पांढरी दाढी उभी राहिली.

"नाक फार खाजतं का गं तुझं?"

भिंगरीने पेला नळाखाली तसाच धरून बाबाकडे पाहिलं.

"घाबरू नकोस," दाढीवाले म्हणाले. आवाज खोल, कंटाळलेला. "मी कोणाला सांगणार नाही. साडेपाच बरोबर होतं. चांगला कान आहे तुझा. शाळेत जातेस?"

"नववीत."

"हं. मी तुझ्या बाबांना माझं पुढचं सगळं काम देणार आहे. माझी माणसं दिवसभर फोन करतील. हे इथे कसं लावू, ते तिथे कसं लावू. सोमवारी, बुधवारी, दुपारी बाराला. तू तेव्हा भूगोलाच्या तासाला असशील."

दाढीवाल्यांनी कानावरचे केस बाजूला सारले. आत तपकिरी, घेवड्याच्या दाण्याएवढं यंत्र होतं.

"माझेही गेले. सांगून टाकलं एके दिवशी. खरं सांगितलं म्हणून लोक टाळ्या वाजवतील असं वाटलं होतं. निम्मे फोन यायचे बंद झाले. उगाच गोड सांगत नाही तुला." त्यांनी केस पुन्हा पुढे ओढले. "पण जे निम्मे राहिले ना, ते माझ्याशी बोलताना माझ्या पोरीच्या तोंडाकडे बघत नाहीत."

पेला भरून वाहत होता. त्यांनीच नळ बंद केला.

*

चारच्या सुमारास घरी पोचले. आईने दार उघडलं, बाबाचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता तिचे खांदे सैल झाले. बाबा बूट न काढताच आत आला.

"जिंकलं! अगं, दाढीवाले स्वतः म्हणाले, पुढचं सगळं काम तुमचंच. ग्राफ्या तर रडला! रेघा बघणारा माणूस आज आवाज ऐकून रडला!"

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं, टेबलावर पसरलं आणि त्यावर वाकून पेनाने गोल काढायला लागला. "आता हेच गावोगाव करायचं. समोरासमोर. पत्रापेक्षा शंभर पट. हा शनिवार, हा रविवार, हा रविवार. मे महिना तर सगळाच मोकळा. सगळं सुट्टीतच बसवतो, भिंगरीची शाळा बुडायला नको. आणि मधल्या वारी कोणाचा फोन आला तर साडेपाच वाजेपर्यंत थोपवून धरायचं. साडेपाचला ती येतेच. नाही का?"

पेन फिरत होतं. एक गोल, दुसरा गोल, तिसरा. आई ओट्याशी उभी राहून भांडी विसळत होती, नळ सोडलेला. ती त्या गोलांकडे बघत नव्हती. तिला ते न बघताही दिसत असावेत.

भिंगरी बाबाच्या मागे उभी होती. निळ्या शर्टाची शिवण खांद्याजवळ बोटभर उघडी होती आणि आतली पांढरी बनियन दिसत होती. सगळ्या तळघरात कोणाला ती दिसली नसेल. पिशवी त्याने एकदाही खाली ठेवली नव्हती. चाळीस माणसांना हसवतानाही नाही.

तिच्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचे गोल वाढत गेले. दहावीच्या वर्षातले, अकरावीतले. प्रत्येक गोलात पहिल्या रांगेत ती, नाकाशी बोट. आणि एखाद्या गोलात ती आजारी, किंवा मनात भाषण, किंवा नुसतीच दुसरीकडे लक्ष. आणि बाबा डोळे मिटून, मान वाकडी करून, बटण नऊवर नेऊन म्हणतोय, इथे. इथे ती गाते. आणि कोणीच हसत नाहीये.

"बाबा," ती म्हणाली, "मी येणार नाही."

पेन फिरत राहिलं.

"मंगळवारी मी ऐकलंच नव्हतं. भाषण पाठ करत होते. पत्रात शिट्टी माझ्यामुळे गेली. मी आता शनिवारी येणार नाही आणि मंगळवारीही ऐकणार नाही. तू ग्राफकाकांना सांगेपर्यंत नाही."

ओट्यावरचा नळ बंद झाला. आई हातातलं ताट तसंच धरून वळली. पाणी ताटावरून तिच्या पायांवर ठिबकत होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

बाबाने आणखी एक गोल पुरा केला. मग खोली एकदम बदलल्याचं त्याला जाणवलं, आईकडे बघून कळलं, आणि तो कॅलेंडरवरून मान उचलून म्हणाला, "काय? काय झालं? कोणी काही म्हणालं का?"

आईने भिंगरीकडे पाहिलं. तिला थांबवलं नाही.

भिंगरी टेबलाला वळसा घालून समोर आली, खिडकीच्या उजेडात, तिचं तोंड त्याला नीट दिसेल अशी. तिने समोरची खुर्ची ओढली. आणि एकेक शब्द सुटा करून, वर्गात 'हजर' म्हणतात तितक्या मोठ्याने, तिने तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.